कादंबरीतली बाही, चित्रपटातला चेहरा

४ मार्च

प्रिय सुई,

एक कोडं तुलाही कधीतरी पडलं असेल. आपण एखादी कादंबरी वाचतो. तिच्यातल्या माणसांना आपल्या मनात चेहरे असतात. ते कुणी दिलेले नसतात, आपणच कुठूनकुठून जमवलेले असतात. मग त्या कादंबरीवर चित्रपट निघतो, आपण तो पाहतो, घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडतो, आणि तो पहिला चेहरा गेलेला असतो. त्याच्या जागी नटीचा चेहरा येऊन बसतो. कितीही डोळे ताणले तरी जुना परत येत नाही. इतकंच काय, जुना कसा होता हेसुद्धा सांगता येत नाही. इतके दिवस ज्याच्या सोबतीनं वाचलं, तो असा न सांगता कसा निघून जातो?

हा प्रश्न मी सोमवारी वर्गाच्या फळ्यावर लिहिला. तुझी जागा रिकामी होती. तुझं शिवणाचं दुकान बंद झालं, तू ताईच्या घरी राहायला गेलीस, म्हणून संध्याकाळच्या वर्गाचा तुझा अभ्यास बुडावा हे मला मान्य नाही. तेव्हा पाठ मी पत्रानं पाठवणार. कंटाळा आला तर ‘मास्तरीणबाई, पुरे’ असं खुशाल कळव. वर्गात तरी कधी मागे राहिली होतीस?

माझं उत्तर असं आहे. पुस्तकातला चेहरा कधीच पूर्ण नसतो. लेखिका सांगते, तिच्या भुवया जाड होत्या. कान कसे होते ते सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. मनातल्या त्या चेहऱ्यात अशा कितीतरी मोकळ्या जागा असतात आणि आपण त्यांच्यासकट त्याच्यावर माया करतो. पडद्यावरच्या चेहऱ्यात मोकळी जागाच नसते. कान असतात, कानामागचा तीळ असतो, उजेड कुठून पडतो तेही ठरलेलं असतं. मनाला भरलेलं चित्र उचलणं सोपं जातं. आणि खरी गंमत पुढे आहे: एकदा जागा भरली की इथे पूर्वी मोकळं होतं, हेच मन विसरून जातं.

आपली कादंबरी घे. (आता उजळणी. जांभई देऊ नकोस.) हातमोज्यांचा कारखाना. एका मेजाच्या दोन बाजूंना दोन बायका. काळी बाई डाव्या हाताचे मोजे शिवते, गोरी उजव्या हाताचे. दोघींचं काम जुळल्याशिवाय एकही जोडी बाहेर पडत नाही. त्या एकमेकींना ‘डावी’ आणि ‘उजवी’ म्हणतात आणि सबंध पुस्तकात त्यांना दुसरं नाव नाही. एका दिवशी गोदामाला आग लागते. मागच्या दाराची कडी कुणीतरी बाहेरून घातलेली सापडते. आळ येतो डावीच्या भावावर, तो बॉयलरवर कामाला. आणि उजवीनं आपल्या जागेवरून कडी घालणारा हात पाहिलेला असतो. चेहरा नाही. फक्त एक बाही.

आपण दोघी ही कादंबरी तुझ्या दुकानात कशी वाचायचो, ते मी वर्गाला सांगितलं. काळ्या डावीचं बोलणं गोरी तू वाचायचीस आणि गोऱ्या उजवीचं काळी मी. वर्गातल्या पोस्टमास्तरांनी विचारलं, उलट का? मी म्हटलं, सुलट वाचायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

घरचंही थोडं लिहिते. माझ्या नवऱ्याला, तुझ्या मानलेल्या दाजींना, लिफ्ट कंपनीनं चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. सकाळी ते कामाचे कपडे चढवतात आणि खिडकीशी बसून राहतात. चौकशी वीस तारखेला सकाळी आहे. तुझं दुकान होतं त्या इमारतीतल्या सगळ्यांनी एकच जबाब दिला आहे: तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला ‘बंद आहे’ अशी पाटी नव्हतीच, मेस्त्रीनं ती पिशवीतच ठेवली आणि वर निघून गेला, म्हणून त्या बाई बाजारातून आल्या, दार ओढलं आणि सरळ खड्ड्यात गेल्या. त्या बाई पुढे इस्पितळात वारल्या, हे तुला माहीत आहे. त्यामुळे आता गोष्ट नोकरीपुरती राहिलेली नाही. दोष लागला तर तुरुंग.

पाटी लावली होती की नव्हती, हे लिफ्टसमोरच्या दुकानातून एकाच माणसाला दिसत होतं. त्याविषयी मी या पत्रात काही लिहिणार नाही. हे पाठाचं पत्र आहे.

तुझी,
मास्तरीणबाई


९ मार्च

प्रिय सुई,

तुझं उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो असं गृहीत धरून पुढचा पाठ घेते.

वर्गात चित्रपट दाखवला. पडदा म्हणजे भिंतीवर ताणलेली चादर, आणि चादरीला मधोमध घडीची रेघ, त्यामुळे प्रत्येक माणसाचं नाक दुभंगलेलं. टॅक्सीवाला म्हणाला, “सुई असती तर आधी इस्त्री करायला लावली असती.” सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. तुझं नाव निघालं की हल्ली असंच होतं.

दिवे लागल्यावर मी विचारलं, “बोला, काय बदललं?”

नर्सबाई डोळे टिपत म्हणाल्या, “काही का बदलेना, रडवलं मात्र छान.”

“तुम्ही साबणाच्या जाहिरातीतही रडता,” टॅक्सीवाला म्हणाला. “मी सांगतो काय बदललं. पुस्तकात गोष्ट आमची बाई, डावी, सांगते. इथे ती करते काय? दार उघडते, दार लावते आणि शेवटी हात जोडते.”

“आमची-तुमची काय लावलंय?” पोस्टमास्तर म्हणाले. निवृत्त, गोरे, मनानं सरळ. “मैत्रीची गोष्ट आहे ही.”

“मैत्रीची आहे ना? मग सारखा एकीचाच चेहरा का दाखवतात?”

पोस्टमास्तरांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मला त्यांचं कौतुक वाटलं. प्रश्न लिहून घेणारी माणसं थोडी.

कॅमेरा कुणाच्या बाजूचा आहे हे ओळखायचं असेल तर एक प्रसंग पुरतो: वाईट बातमी. भावाला पकडून नेल्याची बातमी डावीला कळते, ते प्रकरण आठव. पुस्तकात ती शिवणं थांबवत नाही. टाका, टाका, टाका. अंगठा शिवून होतो, मग तर्जनी, आणि आपल्याला कळतं की हात थांबले तर ती कोसळेल. चित्रपटात हीच बातमी डावी येऊन उजवीला सांगते. सांगताना तिची पाठ आपल्याकडे असते. आपल्याला दिसतो उजवीचा चेहरा, त्यावर हळूहळू उतरणारं दुःख, थरथरणारा ओठ. बातमी एकीची आणि रडणं दुसरीचं! चोरी म्हणता येणार नाही, कारण नटीचं रडणं खरंच सुंदर आहे. पण जोडीतला डावा मोजा हरवला आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा बदल याहून बारीक आहे आणि मला त्याचंच जास्त वाटतं. ती बाही. पुस्तकात उजवी आपल्या जागेवरून पाहते. मध्ये मेजाचा कोपरा आहे, टांगलेले मोजे आहेत, आणि त्यांच्या फटीतून एक बाही कडीकडे जाते. बस. चित्रपटात काय होतं? कॅमेरा उजवीच्या खुर्चीतून उठतो, मेज ओलांडतो, खांबाला वळसा घालतो आणि कारखान्याच्या मुकादमाच्या चेहऱ्यासमोर जाऊन उभा राहतो. घाम, दाढीचे खुंट, सगळं. पुढे चौकशीत उजवी उठते, व्हायोलिनं वाजू लागतात आणि ती बोट रोखून म्हणते, “मी त्याला पाहिलं!” सगळं दालन उभं राहतं. नीट विचार केला तर ती खोटं बोलते आहे. चेहरा तिनं पाहिलाच नव्हता. चेहरा आपण पाहिला.

पुस्तकातली चौकशी आठवते? अधिकारी विचारतो, चेहरा? ती म्हणते, नाही दिसला. मग दिसलं काय? बाही. त्यानं काय होतं? ती म्हणते, बॉयलरवाल्याला त्या दिवशी बाहीच नव्हती, तो बंडीत होता. अधिकारी पेनाचं टोपण लावतो. एवढंच. ती जेवढं पाहते तेवढंच बोलते, आणि तेवढं पुरतं. मला भाषण करणाऱ्या उजवीपेक्षा ही कितीतरी मोठी वाटते.

आता घरचं. जिन्यात पावलं थांबली की आम्ही तिघं बोलायचं थांबतो. परवा दारावर कुणीतरी खिळ्यानं एक शब्द कोरला. तो मी इथे लिहीत नाही. आमच्या रंगाच्या माणसांसाठी जो एक ठेवणीतला शब्द असतो तोच. दाजींनी त्यावर रंग दिला, पण कोरलेलं रंगाखालूनही वाचता येतं. लेक शाळेतून मागच्या गल्लीनं येते. ती म्हणते, त्या वाटेवर मांजरं आहेत म्हणून. मी हो म्हणते.

वकीलबाई स्पष्ट बोलतात. म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. एक तर तुम्ही बायको, त्यात तुमचा रंग. तुमचं ऐकून घेतील, लिहून घेणार नाहीत. त्या दुकानातल्या बाई आल्या तर लिहून घेतील.”

अपघाताच्या संध्याकाळी तू आमच्या जिन्यात बसून मला जे सांगितलंस, ते माझ्या कानात जसंच्या तसं आहे. “दाजींनी पाटी बांधली, मी बघितली. मग थोड्या वेळानं कुणीतरी ती काढली हो. मी मशीनवर होते, नीट दिसलं नाही. करडी बाही होती.” तेव्हा मी तुझा हात धरला होता. तुझे भावोजी त्या इमारतीचे व्यवस्थापक आहेत. त्या दुपारी एक घर विकायचं होतं, गिऱ्हाईक बघायला येणार होतं, आणि दाराशीच ‘बंद आहे’ दिसू नये असं त्यांना वाटणं शक्य आहे. त्यांचा कोट करडा आहे. हे तुलाही सुचलं होतं. म्हणूनच तू दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे आली नाहीस.

एकीकडे सख्ख्या बहिणीचा नवरा, दुसरीकडे मानलेले दाजी. तुला काय वाटत असेल, याची मी रोज कल्पना करते. मी काही मागत नाही. मी फक्त पाठ पाठवते.

मास्तरीणबाई


१४ मार्च

प्रिय सुई,

काल दुपारी तुझा फोन आला. मागे भांडी घासल्याचा आवाज होता आणि तू नळाच्या आडून बोलत होतीस.

“मास्तरीणबाई, पत्रं नका पाठवू. भावोजी आधी वाचतात, मग मला देतात.”

“वाचू देत. अभ्यास कुणीही करावा.”

“चेष्टा नको ना. मला वीसला नाही येता येणार.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि येऊन सांगू तरी काय? मला आता धड आठवतच नाही. दाजी वर गच्चीवर होते ना, फोनवर हसत होते कुणाशी. पाटी पिशवीतच राहिली त्यांची. मला दिसतंय ते सगळं.”

“आणि बाही?”

“बाही तर पुस्तकात होती ना? आपण तेव्हा तेच वाचत होतो. भावोजी म्हणतात, ही पुस्तकातलं घेऊन बसली.” मग तू अगदी लहान आवाजात म्हणालीस, “खरं सांगा, मी तसं केलं असेल का हो?”

तेवढ्यात ताईचा आवाज आला, “कुणाशी गं?” आणि फोन बंद.

सुई, मला तुझ्या खोटं बोलण्याची भीती कधीच नव्हती. तू खोटं बोललीस की तुझी मान लाल होते, पुढचं काम सोपं होतं. मला याची भीती वाटली की तू खरं बोलत होतीस. ‘मला दिसतंय’ म्हणालीस, ते तुला दिसतंच आहे. तुझ्या दुकानातून गच्ची दिसत नाही. मध्ये सहा मजल्यांची छतं आहेत. तरी तुला दाजी गच्चीवर हसताना दिसतात.

हे कसं झालं, ते मी समजावू शकते आणि समजावल्याशिवाय मला राहवतही नाही. तुला कुणी धमकावलं नसेल. कुणी ‘असं बोल’ असंही म्हटलं नसेल. रोज जेवताना तीच गोष्ट निघाली असेल, थोडी सहज, थोडी कळवळून: बिचारा मेस्त्री गच्चीवर गप्पा मारत बसला, ही माणसं अशीच, निष्काळजी. ताईनं मान हलवली असेल. शेजारीण आली की पुन्हा पहिल्यापासून. तुझ्याजवळ होतं काय? एक धुकट बाही आणि भोवती सगळी मोकळी जागा. त्यांच्याजवळ होता सबंध चित्रपट: गच्ची, फोन, हसणं. ‘ही माणसं अशीच’ हे आधीच सगळ्यांच्या डोक्यात छापून तयार असतं, त्यामुळे रंगही भरावा लागत नाही.

आणि आता, साहेब, तुम्हाला नमस्कार. तुम्ही हे पत्र आधी वाचणार हे कळल्यावर दोन ओळी तुमच्यासाठी ठेवणं शिष्टाचाराला धरून होईल. माझ्याजवळ तुमच्याविरुद्ध काही नाही. तुमचा कोट करडा आहे, एवढाच काय तो मुद्दा. शहरात करडे कोट पुष्कळ. तुम्ही घाबरला असाल. त्या बाई गेल्या, त्यांचं कुणीतरी दुरून आलं असेल, त्यांच्या डोळ्यांत बघणं कुणालाही सोपं नाही. मीही घाबरले आहे. तुम्ही या पत्राचा चोळामोळा करू शकता आणि ते सुईला कधीच कळणार नाही. पण मग तुम्हाला कळेल की तुम्ही एका पाठाला भ्यालात. माझी विनंती आहे की हे पत्र आणि पुढचंही तिला द्या. त्यात तुमच्या बाजूचंही येईल, कारण तुमचा एक मुद्दा मला खोडता आलेला नाही.

मास्तरीणबाई


१७ मार्च

प्रिय सुई,

तो मुद्दा असा. अपघात झाला त्याच आठवड्यात आपण बाहीचं प्रकरण वाचलं होतं. मी टिपणं काढून तपासलं. आधी प्रकरण, मग अपघात. म्हणजे करडी बाही पुस्तकातून उठून तुझ्या दुकानासमोरच्या दारापर्यंत गेली असणं शक्य आहे. तुझे भावोजी हे स्वतःच्या बचावासाठी म्हणत असतील. म्हणून ते चूक ठरत नाही. मी शिक्षिका आहे. आवडत्या विद्यार्थिनीचं उत्तर तपासताना मी लाल शाई बाजूला ठेवत नाही.

तर प्रश्न उरतो तो असा: पाहिलेलं, वाचलेलं आणि ऐकलेलं, तिन्ही मनात चित्रं होऊन बसलेली असताना कोणतं चित्र कुठलं, हे ओळखायचं कसं?

मला चित्रपटातला तो कॅमेरा आठवला, खुर्चीतून उठून खांबाला वळसा घालणारा. म्हटलं, इथेच सापडेल. जो खरोखर पाहतो तो कुठेतरी बसलेला असतो. त्याच्यापुढे काहीतरी आडवं येतं. ऐकीव गोष्टीत बघणारा कुठेच बसलेला नसतो, म्हणून त्याला सगळं दिसतं.

ही कसोटी मी आधी स्वतःवर लावून पाहिली. दाजी पाटी बांधताहेत, हे चित्र माझ्या मनात अपघातापासून आहे आणि फार स्पष्ट आहे. डोळे मिटले. आले दाजी. तू शिवून दिलेली ती लाल कापडाची पाटी, तिचे दोन बंद, गाठ. मग मी स्वतःला विचारलं, मी कुठे आहे? मी छताच्या दिव्याजवळ कुठेतरी होते. मला त्यांचा चेहराही दिसत होता आणि पाठही. मी तर त्या दुपारी शाळेच्या वर्गात होते, सुई. मी काहीच पाहिलेलं नाही. मीही एक चित्रपटच बघत होते, आणि तुला तीन पत्रं लिहून तोच दाखवत होते.

मग मी दाजींकडे गेले. ते खिडकीशी बसले होते.

“पाटी लावली होतीत ना तुम्ही?”

ते माझ्याकडे वळले. “तूपण?”

“मी विचारतेय फक्त.”

“लावली. दोन गाठी मारल्या.”

“आठवतंय तसं?”

“आठवायचं काय त्यात? रोज मारतो दोन गाठी. त्या दिवशीपण मारल्याच असणार ना.” ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण त्यांनी खिडकीची कड धरली. “मारल्याच असणार गं,” ते पुन्हा म्हणाले, आणि मी त्यांचा खांदा धरला.

म्हणजे आता आमच्या घरात दोन मोठी माणसं आहेत आणि दोघांनाही नक्की माहीत नाही. आणि अजून एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून आणि स्वतःपासूनही लपवत आले. कादंबरीत भावाला बाहीच नव्हती. माझ्या नवऱ्याला आहे. लिफ्ट कंपनीचा अंगरखाही करडाच असतो. वर जायच्या घाईत त्यांनीच पाटी सोडून पिशवीत टाकली असेल, तर ती बाही त्यांची. असं झालं असेल असं मला वाटत नाही. पण माझं वाटणं दिव्याजवळून बघतं आहे.

म्हणून माझी विनंती बदलते आहे. दाजींसाठी ये, असं मी म्हणत नाही. माझ्यासाठी नको, त्या दारावर कोरलेल्या शब्दासाठीही नको. त्या बाई मेल्या आहेत, आणि त्या दुपारी तिथे खरोखर बसलेलं माणूस फक्त तू आहेस. वीस तारखेला सकाळी ये आणि तुझ्या खुर्चीतून जेवढं दिसलं तेवढं सांग. बाही माझ्या माणसाची निघाली तरी सांग. दिसलंच नसेल तर दिसलं नाही म्हण. ‘ही माणसं अशीच’ यावर त्यांना तुरुंगात जावं लागलं तर मी उरलेला जन्म किंचाळत काढीन; तू पाहिलेल्यावर जावं लागलं तर रडीन, पण तुझ्याशी बोलणं सोडणार नाही. एवढं वचन देते. ते पाळताना माझं काय होईल, याची मला फार भीती वाटते, तरीही देते.

कुणाच्या बाहीच्या टोकाला बटण आहे आणि कुणाच्या टोकाला इलास्टिक, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर ती मोकळी जागा मी भरली असं होईल. दोन्ही कपडे तुझ्या मशीनखालून गेले आहेत. तू काय ते जाणतेस.

आता कसोटी. सोपी आहे, कुणालाही करता येते, तिला ना पुस्तक लागतं ना पडदा. पक्की आहे असा माझा दावा नाही. पण माझ्याजवळ हीच आहे.

दार लोटून घे. कुणी हाक मारली तर न्हाते आहे म्हण. आधी एखादी साधी आठवण काढ, जिच्यात कुणाचं काही अडलेलं नाही: मी पहिल्यांदा तुझ्या दुकानात आले तो दिवस. बघ, तू मला कुठून बघते आहेस. तुझी उंची किती आहे, मान वळवावी लागते का, मध्ये काय येतं. तो अंदाज नीट बसला की मगच त्या दुपारकडे ये. गच्चीवरचे दाजी येतील. येऊ देत, त्यांना हाकलू नकोस, फक्त विचार: मी हे कुठे उभी राहून बघते आहे? मग पुस्तकातली बाही येईल, टांगलेल्या मोज्यांच्या फटीतून. तिलाही हेच विचार. मग तुझ्या दुकानासमोरचं लिफ्टचं दार. घाई करू नकोस. मशीनचं चाक मध्ये येतं का? काचेवरची दुकानाची अक्षरं आतून उलटी दिसतात का, आणि त्यातलं एखादं नेमकं त्या माणसाच्या तोंडावर येतं का? तूच तुला त्या चित्रात दिसलीस, मशीनवर वाकलेली, तर ते चित्र सोडून दे; कुणालाही आपला स्वतःचा माथा दिसत नाही.

आणि तू कुठेच दिसली नाहीस, नुसते कापडावर टेकलेले तुझे दोन हात दिसले, तर हलू नकोस. मान वर कर आणि समोर बघ.